जड संगणक घरांत मांडतांना

संगणक विकत घेणें आतां पुष्कळ घरांत होतें. तो नीट मांडणें मात्र फार थोड्या घरांत होतें. दुकानदाराचा मनुष्य येतो, खोलीच्या ज्या कोपऱ्यांत विजेचें बटण असेल त्या कोपऱ्यांत टेबल लावितो, वायरी जोडतो, आणि पडद्यावर चित्र उमटलें कीं चहा घेऊन निघून जातो. ज्या मुलाचे हातपाय नीट चालतात तें मूल अशा मांडणीशीं कसेंबसें जुळवून घेतें. वांकून, हात ताणून, प्रसंगीं टेबलाखालीं रांगून तें आपलें काम भागवितें. परंतु घरांतील ज्या व्यक्तीस वांकतां किंवा रांगतां येत नाहीं, तिनें काय करावें? या लेखांत आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहों. आणि तो, गेल्या मे महिन्यांत आम्हांस प्रत्यक्ष जें करावें लागलें व करतांना आमचें जें चुकलें, त्यावरून करणार आहों.

आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीस दोन वर्षांपूर्वीं अपघातांत पाठीच्या कण्यास दुखापत झाली. कमरेखालच्या भागांत तिला हालचाल करतां येत नाहीं व स्पर्शही समजत नाहीं. ती चाकांच्या खुर्चीवर असते. तिचे हात चपळ आहेत आणि घरांचे आराखडे काढण्याचा तिला मोठा नाद आहे. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें, आपल्या कचेरींत याच कामास वापरीत असलेला एक भला मोठा संगणक तिला देऊं केला. तो तिच्या घरीं नेऊन मांडण्याची कामगिरी आम्हां दोघां शिक्षकांवर व दहावीच्या चार मुलांवर आली.

कांहीं पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, एवढें जड यंत्र कशास? मांडीवर ठेवावयाचा लॅपटॉप दिला असता तर काय बिघडलें असतें? प्रश्न वाजवी आहे. परंतु लॅपटॉपांत पडदा व कळफलक हे बिजागरीनें एकमेकांस जखडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या उंचीस आणावा तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. हात कोपराच्या उंचीस ठेवावे तर मान दिवसभर खालीं वांकलेली राहते. ज्यास उठून चार पावलें टाकतां येत नाहींत त्यास हें फार जाचतें. शिवाय मांडीस स्पर्श कळत नसेल, तर तापलेलें यंत्र मांडीवर घेऊन बसणें म्हणजे न कळत भाजून घेणें होय. सुट्या भागांच्या संगणकांत पडदा, कळफलक, माउस व मुख्य पेटी हीं चारही जेथें हवीं तेथें ठेवतां येतात. त्याचें वजन हा त्याचा दोष खरा. पण तो भार एकदांच उचलावयाचा असतो.

या मुख्य पेटीस बाजारांत सर्रास 'सीपीयू' म्हणतात. वस्तुतः सीपीयू ही पेटीच्या पोटांतील काडेपेटीएवढी एक चकती असते. पेटींत ती चकती, तिच्यावरचा पंखा, घरांतील वीज यंत्रास सोसेल अशी करून देणारा भाग आणि चित्रें काढणारें लांबलचक कार्ड असा मोठा संसार असतो. आमची पेटी आम्हीं शाळेजवळच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेविली, तेव्हां ती १७ किलो भरली. (रद्दीवाल्यानें लागलाच भावही सांगितला.) पडदा ६ किलो व यूपीएस ५ किलो झाला. घरगुती गॅसची भरलेली टाकी सुमारें ३० किलोंची असते. म्हणजे नुसती पेटीच तिच्या निम्म्याहून अधिक झाली.

भार किती यापेक्षां तो शरीरापासून किती दूर धरिला आहे, यावर पाठीचें सुखदुःख अधिक अवलंबून असतें. तरफेचा नियम मुलांनीं वर्गांत शिकलेला आहे. त्याचा येथें प्रत्यक्ष उपयोग होतो. १७ किलोंची पेटी कण्यापासून २० सें.मी. अंतरावर छातीशीं धरिली, तर कमरेवर जो ताण येतो, त्याच्या अडीचपट ताण तीच पेटी ५० सें.मी. दूर धरिल्यानें येतो. अमेरिकेंतील 'नायोश' या संस्थेनें १९९१ सालीं भार उचलण्याचें जें सूत्र सुधारून बसविलें, त्यांत सर्व परिस्थिति अनुकूल असतां एका माणसानें उचलावयाच्या भाराची मर्यादा २३ किलो धरिली आहे. भार दूर असेल, अंगास पीळ पडत असेल किंवा वस्तु जमिनीवरून उचलावयाची असेल, तर ती मर्यादा झपाट्यानें खालीं येते. आमची पेटी तेवीसच्या आंत होती. तरीही तिला दोघांनींच हात लावावा असा आम्हीं नियम केला. आधीं सर्व वायरी सोडविल्या. दारापासून जागेपर्यंतची वाट मोकळी केली. मग दोघांनीं समोरासमोर उकिडवें न बसतां एक पाय पुढें टाकून गुडघे वांकविले, पेटीचे तळाचे कांठ धरिले, आणि एकानेंच 'एक, दोन, तीन' म्हणावें असें ठरवून उचलली. दोघेही आज्ञा देऊं लागले म्हणजे पेटी तिरपी होते, हें आम्हीं पहिल्याच पायरीवर अनुभविलें. पुढच्या प्लॅस्टिकच्या तोंडास धरून मात्र कधींही उचलूं नये; तें खटकन् निघून हातांत येतें.

नेण्याविषयीं आणखी दोनच गोष्टी सांगतों. रिक्षांत पेटी उभी न ठेवतां गोधडीवर आडवी निजवावी, व तीही अशी कीं आंतील कार्ड उभें राहील. तें कार्ड जड असून एकाच खांचेंत अडकलेलें असतें; उभ्या पेटींत तें आडवें लोंबतें आणि रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्यास त्या खांचेस हिसका बसतो. दुसरें असें कीं, हल्लीं पुष्कळ पेट्यांची एक बाजू कांचेची असते. ती कांच हाताच्या थापेस सहसा दाद देत नाहीं, परंतु काढून लादीवर टेकविली आणि तिच्या कोपऱ्यास लादीचा कठीण कण लागला, तर क्षणांत तिचा चुरा होतो. कांच काढणें झाल्यास ती अंथरुणावर ठेवावी.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. मुलीचें घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचें आहे. तिच्या आजीनें दारांतच विचारलें, "अहो मास्तर, हें धूड ठेवणार कोठें?" आम्हीं आत्मविश्वासानें उत्तर दिलें कीं टेबलाखालीं; सगळीकडे तेथेंच ठेवतात. त्याप्रमाणें पेटी टेबलाखालीं डाव्या अंगास सरकविली, पडदा वर ठेविला, वायरी भिंतीकडच्या बटणांत घातल्या आणि यंत्र सुरू केलें. चारही मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मुलीनें आमचे आभार मानून मग हळूच विचारलें, "सर, तुम्ही गेल्यावर मीं हें चालूं कसें करावयाचें?" चालूं करण्याचें बटण पेटीवर, पेटी टेबलाखालीं, आणि तिचा हात तेथपर्यंत पोहोंचत नव्हता. आम्हीं म्हटलें, "आई चालूं करील." ती कांहीं बोलली नाहीं.

आमच्या रविवारच्या शाळेंत मुलें शुभवर्तमानांतील पक्षघाती मनुष्याची गोष्ट शिकतात. चार मित्रांनीं त्याला खाटेसकट उचलून आणिलें, आणि गर्दीमुळें दारांतून जातां येईना तेव्हां छप्पर उकलून खालीं सोडिलें. आम्हीं त्या चौघांची पुष्कळदां वाखाणणी केली आहे. पण गोष्टीच्या शेवटीं तो मनुष्य आपली खाट आपण उचलून घरीं जातो, इकडे आमचें लक्ष कमी गेलें होतें. आमच्या मुलीस रोज चार जण नको होते.

याहून गंभीर गोष्ट तिसऱ्या दिवशीं कळली. टेबलाखालीं जागा अपुरी असल्यानें पेटीचा पत्रा तिच्या डाव्या गुडघ्याच्या बाजूस टेकून राहत असे. स्पर्श कळत नसल्यानें तिला त्याचा पत्ता नव्हता. तीन तास काम केल्यानंतर आईनें कपडे बदलतांना पाहिलें, तों गुडघ्यावर तांबडा वळ होता व बोटानें दाबला तरी तो फिका होत नव्हता. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, सतत दाब पडून त्वचेखालचें रक्त अडलें कीं प्रथम असा वळ उठतो. दाब काढला नाहीं तर तेथेंच जखम होते, व अशा रुग्णांत ती भरून येण्यास महिने लागतात. पेटीचा कांठ, टेबलाची कड, खालची आडवी पट्टी, पंख्यांतून निघणारा ऊन वारा, यांपैकीं कांहींही अशा पायास लागतां कामा नये. ज्यांच्या घरीं असा मनुष्य आहे त्यांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. आमच्या मुलीचा वळ दोन दिवसांत गेला, हें तिचें दैव. आमचें शहाणपण नव्हे.

त्या दिवशीं आम्हीं सर्व मांडणी मोडिली आणि क्रम उलटा केला. आधीं माणूस व त्याची खुर्ची, मग टेबल, मग पडदा व कळफलक, आणि सर्वांत शेवटीं ती जड पेटी.

मुलीस तिच्या नेहमींच्या गादीवर, नेहमींचीं पादत्राणें घालून खुर्चींत बसविलें व मापें घेतलीं. गादी विसरून घेतलेलें माप चुकतें, कारण गादीनेंच पांच सात सें.मी. उंची वाढते. जमिनीपासून गुडघ्याचा माथा ६६ सें.मी. व कोपर ७२ सें.मी. भरलें. म्हणजे टेबलाची खालची बाजू निदान ७० वर हवी आणि वरची बाजू ७३ च्या आसपास हवी. फळी तीन सें.मी. पेक्षां जाड चालणार नाहीं. अमेरिकेंतील नियमांत गुडघ्यांकरितां निदान २७ इंच, म्हणजे सुमारें ६८.५ सें.मी. उंच व ३० इंच रुंद जागा मोकळी सोडावी असें आहे. पण प्रत्येकाचे गुडघे निराळे, म्हणून नियमापेक्षां माप बरें. आमचें टेबल वरून ७५ सें.मी. होतें, परंतु खण व त्याची चौकट यांमुळें खालीं जेमतेम ६० उरत असे. सुतारानें खण काढून टाकिला, पायांशीं असलेली आडवी पट्टी मागच्या बाजूस नेली, पाय दोन सें.मी. कापिले आणि फळीची पुढची कड घासून गोल केली. टेबल उंच करावयाचें असतें तर पायांखालीं विटा ठेवण्याचा मोह झाला असता, तो टाळावा. पाय घट्ट बसेल अशी खांच पाडलेले लांकडी ठोकळेच घालावे. भुसा दाबून केलेल्या फळीचें टेबल असेल तर त्यावर विशेष विश्वास ठेवूं नये. ती ओलाव्यानें फुगते व भारानें मध्यें झोळ धरते.

मग खडू व ७५ सें.मी. दोरी घेऊन मुलांनीं टेबलापुढील जमिनीवर एक वर्तुळ काढिलें. १५० सें.मी. व्यासाचें वर्तुळ मोकळें असलें म्हणजे चाकांची खुर्ची जागच्या जागीं फिरूं शकते. भारत सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक नियमांतही हेंच माप आहे. वर्तुळांत एक तिपाई, तांदळाचा डबा आणि आजीची लोखंडी ट्रंक आली. तिपाई व डबा सहज हलले. ट्रंकेविषयीं मात्र पाऊण तास बोलणें झालें. ती लग्नांत आलेली होती. शेवटीं ती पलंगाखालीं गेली, आणि तिचें कुलूप दिसत राहील अशी ठेविली. दार ७६ सें.मी. भरलें. त्याच नियमांत ९० सें.मी. सांगितलें आहे, पण खुर्ची ६३ ची असल्यानें ती आंत येते, बोटें मात्र संभाळावीं लागतात.

पडदा हात लांब केल्यावर बोटें टेकतील इतक्या अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं येईल असा ठेविला. (दुहेरी कांचांचा चष्मा वापरणाऱ्या पालकांनीं तो आणखी खालीं घ्यावा, नाहींतर हनुवटी वर करून वाचावें लागतें.) खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागें न येतां बाजूस येईल असें टेबल फिरविलें.

पेटीस आतां टेबलाच्या उजव्या अंगास, पण खडूच्या वर्तुळाबाहेर जागा मिळाली. ती टेबलावर ठेवण्याचें आम्हीं टाळिलें, कारण तेवढ्या उंचीवरून १७ किलो निसटले तर ते मांडीवर येतील. जमिनीवरही ठेविली नाहीं. आमच्याकडे लादी रोज पुसली जाते, आणि तळमजल्याच्या घरांत पावसाळ्याचा भरंवसा कोणी द्यावा? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, तेव्हां मुंबईच्या कित्येक तळमजल्यांवर गुडघाभर पाणी होतें. सुतारानें १५ सें.मी. उंचीचा एक बुटका पाट केला व त्यास चोहोंकडून बोटभर कांठ लाविला, म्हणजे पेटी घसरत नाहीं. पेटीच्या तळाशीं वारा ओढण्याची जाळी असते, म्हणून पाटास मध्यें मोठें भोंक ठेविलें. मागें भिंतीपासून वीतभर अंतर सोडिलें. आतां पेटीचा माथा जमिनीपासून ६० सें.मी. वर आला आणि बटण व पेनड्राइव्हच्या खांचा मुलीच्या लोंबत्या हाताशीं आल्या. ज्यांचा हात तेथवरही जात नसेल त्यांच्याकरितां वायरनें जोडून टेबलावर ठेवतां येईल असें निराळें बटण मिळतें. आणि यंत्राच्या मूळ मांडणींत, वीज आली कीं यंत्र आपोआप सुरू व्हावें, अशीही सोय बहुधा असते.

प्रथम आम्ही चाकांचा पाट आणणार होतों. तो बेत एका प्रसंगानें सोडून दिला. सामान हलवीत असतां खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांत पडद्याची वायर गुंतली, मुलगी मागें फिरली आणि पडदा टेबलाच्या कांठापर्यंत ओढला गेला. दहावींतील एकानें तो वरच्या वर झेलला. त्यानंतर एकही वायर जमिनीवर राहूं दिली नाहीं. सर्व वायरी टेबलाच्या मागच्या कडेस पन्हळींतून नेल्या आणि दोन्ही टोकांस थोडी ढिलाई ठेविली. ज्यांचें टेबल वर-खालीं होणारें असेल त्यांनीं तें पुरतें वर नेऊन मगच वायरींची लांबी ठरवावी. नाहींतर टेबल वर जातें, पेटी खालीं राहते आणि मधली वायर पडद्यास खालीं खेंचते.

विजेचें काम वायरमनकडूनच करवून घेतलें. जमिनीलगतचें बटण भिंतीवर ७५ सें.मी. उंचीवर, टेबलाच्या बाजूस आणिलें. प्लगाची तिसरी, जाड व लांब पिन ही भूमीशीं जोडण्याकरितां असते. ती कांपून दोन पिनांच्या भोंकांत प्लग बसविणारे शूर लोक आम्हीं पाहिले आहेत. पत्र्याच्या पेटींत वीज उतरली तर तीच पिन जीव वांचविते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असते. ६ अँपिअरच्या भोंकांतून त्या हिशेबानें सुमारें १३८० वॉटच घ्यावे. संगणक त्यांत सहज बसतो, पण त्याच बोर्डावर इस्त्री लाविली कीं हिशेब मोडतो. एका एक्स्टेन्शन बोर्डांत दुसरा बोर्ड खोंवूं नये. पेटींतील वीज बदलणारा भाग प्लग काढल्यावरही कांहीं काळ वीज सांठवून असतो. त्याचें झांकण मुलांनीं, आणि हौशी वडिलांनींही, उघडूं नये.

शरीराच्या अडचणी एकाच प्रकारच्या नसतात. ज्याचा एकच हात चालतो त्याच्या बाजूस माउस, बटण व खांचा आणाव्या. शिफ्ट ही कळ लागोपाठ पांच वेळां दाबिली असतां विंडोजमध्यें एक सोय पुढें येते. तिनें दोन-तीन कळा एकदम न दाबतां एकामागून एक दाबिल्या तरी चालतात. अंध विद्यार्थ्यांकरितां पडदा वाचून दाखविणारें 'एनव्हीडीए' हें साधन २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें सुरू केलें व तें मोफत मिळतें. मात्र अंध मुलाच्या खोलींत एकदां ठेविलेली वस्तु, साफसफाईच्या निमित्तानेंही, त्याला न सांगतां हलवूं नये.

सर्व झाल्यावर आम्हीं एक परीक्षा ठरविली. सर्वांनीं बाहेर जावें, दार लोटावें, आणि मुलीनें एकटीनें आंत जाऊन यंत्र सुरू करावें, एक चित्र काढावें, तें पेनड्राइव्हवर घ्यावें, यंत्र बंद करावें व बाहेर यावें. पहिल्या वेळीं तिला हांक मारावी लागली, कारण यूपीएसचें बटण भिंतीकडे तोंड करून होतें. तो फिरविला. दुसऱ्या वेळीं वीजच गेली. यूपीएस ओरडूं लागला आणि आजी धांवत आंत गेली. तो आवाज कशाचा, व त्यानंतर यंत्र बंद करण्यास कांहीं मिनिटें मिळतात, हें आजीसही समजावून सांगितलें. तिसऱ्या वेळीं दार चाळीस मिनिटें बंद राहिलें. आजी दोनदां उठली व दोनदां बसली.

मुलगी बाहेर आली आणि पेनड्राइव्ह तिनें आमच्या हातीं दिला. शाळेंत येऊन पाहिलें तों त्यांत तिच्या खोलीचा आराखडा मापांसह होता. खडूचें वर्तुळ बरोबर १५० सें.मी. चें होतें आणि पलंगाखालीं ट्रंकही दाखविली होती. दार मात्र तिनें ९० सें.मी. चें काढिलें होतें. तें रुंद करण्याविषयीं घरमालकाशीं बोलणें चालूं आहे.